बारदेसकरांची जीप डिझेलवर गेली तेव्हा

"चेन ओढ! शेवंता, चेन ओढ!"

हाक गॅरेजातून आली तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. ह्यांनी मला नावानं हाक मारली, एवढ्यावरूनच काहीतरी विपरीत घडलंय हे मला कळलं. एरवी नुसतं 'अगं' किंवा दाराशी येऊन खाकरणं. पळी टाकून मी तशीच धावले.

गॅरेज म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या अंगाला उभारलेली पत्र्याची शेड. मधोमध बारदेसकरांची जीप, तिचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. वर तुळईला चेनपुली, आणि तिला लोंबकळत असलेलं डिझेलचं इंजिन. ते खाली सोडताना एका बाजूला झुकलं होतं आणि ह्यांचा उजवा हात इंजिन आणि गाडीच्या लोखंडी चासीच्या मधे सापडला होता. आता ते ओरडतही नव्हते. ओठ पांढरे पडले होते.

"कुठली चेन?" मी विचारलं.

"डावीकडची. खाली ओढ."

मी दोन्ही हातांनी लोंबकळले. इंजिन कुरकुरत बोटभर वर आलं. हात बाहेर निघाला. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि पदर फाडून त्याला गुंडाळला.

ही आजऱ्यातली गोष्ट, मी पंचविशीत होते तेव्हाची. ह्यांचं नाव धोंडीराम लोहार, पण गावात सगळे धोंडीमेस्त्रीच म्हणायचे. अंतोन बारदेसकर आजऱ्याहून आंबोली घाटानं सावंतवाडीपर्यंत माणसं सोडायचे. त्यांची जीप लिलावात घेतलेली, जुनी लष्करातली, पेट्रोलवरची. चढाला लागली की पाणी प्यावं तसं पेट्रोल प्यायची. दिवसभर घाट चढून-उतरून जे हाती येई ते संध्याकाळी पंपावरच जाई. म्हणून त्यांनी एका अपघातातल्या टेम्पोचं चांगलं निघालेलं डिझेल इंजिन मिळवलं, आरटीओची परवानगी काढली आणि गाडी आमच्या शेडमधे आणून लावली. आजऱ्यात असं काम आधी कुणी केलं नव्हतं. ह्यांनी ते मोठ्या हौसेनं घेतलं होतं. पेट्रोलचं इंजिन उतरवून झालं होतं, त्याला गिऱ्हाईक लागून ते गेलंही होतं. आता मागं फिरायला वाट नव्हती.

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. "हाडं जुळतील," ते म्हणाले, "पण पकड पहिल्यासारखी येईल की नाही, ते आत्ता नाही सांगता येणार."

परत येताना एसटीत हे एक अक्षर बोलले नाहीत. तसे ते बोलणारे नव्हतेच. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, पाणी तापलंय, आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, खोकला आहे, एवढ्यावर संपायचं. मला वाटायचं, हा माणूस सगळं बोलणं गाड्यांशीच करून येत असणार.

बारदेसकर दुसऱ्याच दिवशी भेटायला आले. उंच माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस, हातात मोसंब्यांची पिशवी. आत्याबाईंच्या पाया पडले, खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"मेस्त्री, हात आधी. गाडी मागनं," ते म्हणाले. मग मोसंब्यांची पिशवी खाटेखाली सरकवली. "पण मलाबी तोंड उघडायला लागतंय बघ. दिवाळीत माणसं गावाला येतात-जातात, तोच माझा हंगाम. घरात खाणारी तोंडं तुला म्हाईत हाईत. तुझी हरकत नसली तर गाडी ट्रकला बांधून कोल्हापूरला नेतो."

उघडून ठेवलेली गाडी अर्ध्यावरून दुसऱ्याच्या दारात गेली, की मेस्त्रीचं नाव त्या गावात संपतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतच होतं.

"दिवाळीच्या आधी देतो," हे म्हणाले.

"ह्या हातानं?"

"माझा मावसभाऊ येतोय. बेळगावास्नं. चांगला मेस्त्री हाय."

बारदेसकर खूश झाले. गेले. मी दाराआडून पुढं आले. "कुठला हो मावसभाऊ?"

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "कुठला बी न्हाई."

"मग गाडी कोण करणार?"

 मी तिथंच उभी राहिले. बाहेर शेडमधे ती जीप तोंड उघडून बसल्यासारखी दिसत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही सांगा, मी करते."

हे गर्रकन वळले. मला वाटलं, ओरडतील. ते हसले. ते हसू मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"बोल्ट आवळणं म्हणजे भाकरी थापणं न्हवं, शेवंता."

"माझा बाप लोहार होता. भाता मी ओढलाय, घणबी मारलाय. लोखंडाला मी भीत न्हाई."

"गाडीखाली शिरशील? गावातली माणसं हितनं येता-जाता बघत्यात."

 ह्यावर उत्तर आलं ते चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंकडून. माझी सासू म्हणजे बोलायला फटकळ बाई. मला पाच वर्षांत त्यांनी कधी शाबास म्हटलं नव्हतं. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि स्वतःचं एक जुनं नऊवारी लुगडं माझ्या अंगावर टाकलं.

"गोल साडीत गाडीखाली कशी शिरशील? काष्टा घाल," त्या म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळून, "आणि माणसांचं मी बघते."

त्यांनी खरंच बघितलं. शेडच्या तोंडाला ताडपत्री बांधली, बाहेर पोतं टाकून मिश्री लावत बसल्या. कुणी विचारलं की, "बेळगावचा पाव्हणा आलाय, लई लाजाळू हाय, कुणी बघितलं की हात थांबतोय त्याचा," असं सांगायच्या.

आत मी लुगड्यावर ह्यांचा खाकी शर्ट घालून उभी. हे स्टुलावर, प्लास्टरचा हात गळ्यात. पहिला दिवस नुसता नावांत गेला. रिंग पाना, फिक्स पाना, बॉक्स पाना. हे नंबर सांगायचे, मी भलताच उचलायची. "तो न्हवं! त्याच्या शेजारचा!" त्यांचा डावा हात सारखा पुढं यायचा आणि परत मागं जायचा.

पण लोंबकळतं इंजिन चासीवर मीच उतरवलं. चेन मीच ओढली, कडेला पहार लावून मीच त्याला सरळ केलं. जुन्या इंजिनाचे पाय ज्या जागी होते तिथं ह्याचे येत नव्हते, म्हणून ते टेकवायला चासीला नवे लोखंडी कान लावायचे होते. शेजारचा वेल्डर आत्याबाईंच्या विश्वासातला, तो तेवढं करून मुकाट्यानं गेला. समोरच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे खोलून त्यात एकेक पान वाढवलं, कारण डिझेलचं इंजिन अंगानं जड. हे प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायला लागले, आणि सांगता सांगता मधेच लांब कुठंतरी निघून जायचे. त्यांच्या वस्तादानं त्यांना पहिल्यांदा पाना हातात कसा दिला, चौदाव्या वर्षी ते घरातून पळून कोल्हापूरला कसे गेले, तिथं ट्रकखाली झोपायचे तेव्हा आईची आठवण कशी यायची. हे मला काहीच माहीत नव्हतं. मी नट आवळत ऐकायची. ताडपत्रीच्या बाहेर आत्याबाईही ऐकत असणार, कारण मधेच त्यांचा खोकला थांबायचा.

अडलं ते गिअरबॉक्सशी.

नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या मधे बसवायला एक जाड पोलादी तबकडी ह्यांनी कोल्हापुरातून लेथवर करून आणली होती. तबकडी बसली. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध असलेल्या भोकात शिरेना. मी गाडीखाली उताणी, गिअरबॉक्स जॅकवर तोललेला, आणि शाफ्टचं टोक कुठं अडतंय ते मला दिसत नाही.

"जरा उजवीकडं."

"घेतला."

"आता रेट."

"रेटला. जात न्हाई."

"वर उचल मागनं."

"उचलला."

"जास्ती उचललास! मी जरासा म्हटलं!"

असं जेवणवेळेपर्यंत चाललं, जेवणानंतरही चाललं. शेवटी ह्यांनी डाव्या हातानं पाना उचलला आणि पत्र्यावर भिरकावला. शेड घणघणली.

"तुला न्हाई जमायचं! मला म्हाईतच होतं. सोड. उद्या बारदेसकराला सांगतो, घेऊन जा गाडी."

मी गाडीखालून बाहेर आले. तोंडावर ग्रीस, डोळ्यांत गंजाचा चुरा. रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

"जमत न्हाई ते मला न्हवं," मी म्हटलं. "तुमच्या हाताला जे कळतंय ते तुमच्या तोंडाला सांगता येईना. जरा, थोडं, अंमळ... म्हणजे किती हो? मला कसं कळावं?"

 ताडपत्रीबाहेर मिश्रीचं बोट तोंडातच राहिलं असावं, इतकं शांत झालं.

मग हे स्टुलावरून उठले. गळ्यातली झोळी सावरत जमिनीवर बसले, आडवे झाले आणि प्लास्टरचा हात छातीवर धरून पाठीवर सरकत गाडीखाली शिरले. "ये," आतून म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन पडले. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला, वरून, बोटांवर बोटं. "आता रेटू नको," ते म्हणाले. "नुसता हलव. डोळे मीट. तो कुठं थांबतोय ते हातात येतंय का बघ."

मी डोळे मिटले. आम्ही दोघांनी मिळून तो जड गिअरबॉक्स हलके हलके डोलवला. एका जागी काहीतरी दाताला दात घासल्यासारखं वाटलं.

"हे?" मी विचारलं.

"हेच," ते म्हणाले. "आता तुझं तू."

त्यांनी हात काढून घेतला. मी मनगट किंचित फिरवलं, आणि गिअरबॉक्स कुठलाही आवाज न करता सरकून आत गेला.  वरून तेलाचा एक थेंब ह्यांच्या कपाळावर पडला, तो मी शर्टाच्या बाहीनं पुसला.

पुढचं काम मग अंगावर आल्यासारखं वाटलं नाही. जुना वायपर पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालायचा, तो आता चालणार नव्हता, म्हणून विजेवरचा बसवला. मोठी बॅटरी बसवली. डिझेलची नळी टाकीपासून पंपापर्यंत ओढली. आणि पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन नुसतं गरगरलं.

"नळीत हवा हाय," हे म्हणाले. "डिझेलला ठिणगी लागत न्हाई, दाब लागतोय. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दाब धरत न्हाई. स्क्रू ढिला कर आणि हातपंप मार. फेस यायचा थांबला की आवळ."

मी पंप मारत राहिले. फेस, फेस, मग स्वच्छ पिवळी धार. आवळला. हे आत जाऊन बसले आणि डाव्या हातानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं, आणि मग सगळी शेड थरथरायला लागली. आत्याबाई ताडपत्री बाजूला करून आत आल्या, दोन्ही कानांवर हात ठेवून. काहीतरी ओरडून सांगत होत्या. शिव्या होत्या की आशीर्वाद, ते त्या आवाजात आम्हाला कळलं नाही.

बारदेसकर गाडी न्यायला आले तेव्हा मी साडी बदलून आत स्वयंपाकघरात होते. तसं ठरलंच होतं. बेळगावचा पाव्हणा आदल्या दिवशी परत गेला, असं सांगायचं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गाडी चालली, हे पुष्कळ होतं.

बारदेसकरांनी बॉनेट उघडून सगळं बघितलं, इंजिन चालू केलं, बंद करण्यासाठी नव्यानं बसवलेली दोरी ओढून बघितली. "काम देखणं झालंय," ते म्हणाले. "कुठं हाय तुझा भाऊ?"

"गेला काल."

"गेला?" बारदेसकरांचा आवाज बदलला. "मेस्त्री, हे बरं न्हाई. ह्या गाडीत बायका-पोरं बसवून मी घाट उतरणार. ज्यानं बोल्ट आवळलेत त्यानं पहिल्या चढाला माझ्या शेजारी बसायचं. तो येईपर्यंत मी एक माणूस आत घेणार न्हाई."

"मी येतो की."

"तू आवळलेस बोल्ट?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. ह्यांनी खाली मान घातली होती. खोटंच 'हो' म्हणायला वेळ गेला नसता. मावसभावाला परत बोलावतो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी मान वर केली.

"ज्यानं आवळलेत त्यो माणूस हितंच हाय," ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "शेवंता! भाईर ये."

मी पदर सावरत बाहेर आले. माझ्या नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं. बारदेसकरांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. ते रागावले का, मला कळेना. ते खाली बसले, गाडीखाली शिरले. त्यांचे फक्त पाय दिसत होते. आतून बोल्ट हलवून बघितल्याचे, ठोकून बघितल्याचे आवाज येत राहिले. मग ते बाहेर आले, हात झटकले, आणि शेजारच्या सीटवरचं फडकं उचलून सीट पुसली.

"बसा वहिनी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीबी चला की."

"मी न्हाई," हे म्हणाले. "मी आलो तर तुझ्या कानात बोलत बसीन."

"एकटी कशी जाईल ती?" आत्याबाई मधेच म्हणाल्या आणि कुणी काही बोलायच्या आत मागच्या फळीवर चढून बसल्या, मिश्रीची डबी हातात घेऊन.

बाजारपेठेतून जीप निघाली. पुढच्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. माणसं बघत होती, आणि मागून आत्याबाई ओळखीच्यांना हात करत होत्या. सपाट रस्त्याला गाडी छान पळाली. बारदेसकरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग आंबोलीच्या रस्त्यावरचा पहिला चढ लागला, त्यांनी गिअर उतरवला, आणि मला तो आवाज ऐकू आला. कट्. कट्. कट्.

"थांबवा," मी म्हटलं.

"वहिनी, डिझेल गाडी हाय. वाजणारच."

"हा त्यातला न्हाई. थांबवा, भावजी."

त्यांनी कडेला घेतली. मी बॉनेट उघडलं. काहीच दिसेना. सगळं जागच्या जागी होतं. माझी नजर आपोआप शेजारी गेली, जिथं रोज स्टूल असायचं. तिथं करवंदीची जाळी होती. हे असते तर काय म्हणाले असते, ते मी आठवायला लागले आणि मला काहीच आठवेना. कानात नुसती शांतता. 

मग मी इंजिनावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"ब्रेक घट्ट दाबून धरा, गिअर टाका आणि क्लच सोडत जरा ताण द्या," मी बारदेसकरांना म्हटलं.

त्यांनी तसं केलं. इंजिन माझ्या हाताखाली एका अंगाला कललं, उजवीकडे, आणि त्याच वेळी कट् कट् सुरू झालं. डोळे उघडून बघितलं तर पंख्याचं पातं रेडिएटरच्या कडेला घासत होतं. सपाटीला इंजिन सरळ उभं असायचं म्हणून कळत नव्हतं. चढाला जोर लागला की ते कलत होतं. इंजिनाच्या उजव्या पायाखालचं रबर दबून गेलं होतं, बोल्ट ढिला झाला होता. असंच घाटात गेलो असतो तर पात्यानं रेडिएटर फाडला असता, आणि भरल्या गाडीसकट चढावर अडकलो असतो.

पाना होता. पण रबराच्या जागी घालायला काही नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं, मग पायातली एक रबरी चप्पल काढली. आत्याबाईंनी अडकित्ता दिला, बारदेसकरांनी जॅक लावला. टाचेचा जाड तुकडा कापून मी तो इंजिनाच्या पायाखाली सरकवला आणि अंगातलं सगळं बळ लावून बोल्ट आवळला.

त्यानंतर ती जीप सगळा चढ चढून गेली. वर टेकाडावर बारदेसकरांनी गाडी थांबवली. इंजिन बंद न करता नुसते कान देऊन बसले. मग क्रूसाला हात लावला आणि म्हणाले, "वहिनी, दिवाळीला माझी पोरं ह्याच गाडीतनं आजोळला जातील."

परत आलो तेव्हा हे शेडच्या दारातच उभे होते. ताडपत्री त्यांनी सोडून टाकली होती, एका हातानं. मी उतरले. त्यांची नजर आधी माझ्या तोंडावर, मग खाली पायांकडे गेली.

"चप्पल कुठाय एक?"

"इंजिनाखाली."

 ते बॉनेट उघडून वाकले. डाव्या हाताच्या बोटानं तो रबराचा तुकडा दाबून बघितला. मला वाटलं, आता चुका निघतील.

"हे चार दिवस टिकल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुढं काय करायचं म्हणतीस?"

मी सांगायला लागले. ते स्टुलावर बसले आणि ऐकत राहिले.